चौदा हजार लाईक आणि आपली शेवयांची मशीन



या वेळी एक चूक कबूल करून सुरुवात करते. चूक माझीही आहे.

उन्हाळी कामं तोंडावर आली होती. आपल्या प्रभागातल्या एका गटाने ठरवलं, की या वर्षी शेवया, कुरडया फक्त घरापुरत्या करायच्या नाहीत, विकायच्या. त्यासाठी मशीन पाहिजे. एका ताईंच्या मुलाने मोबाईलवर जाहिरात दाखवली. विजेवर चालणारी, चकचकीत स्टीलची मशीन, किंमत फक्त ४,९९९ रुपये. खाली १४ हजार लाईक आणि कमेंटची रांग: "खूप छान", "एक नंबर", "दोन दिवसांत घरपोच मिळाली".

बैठकीत मला विचारलं, "मॅडम, घ्यावी का हो?" मी फोन हातात घेतला, वरवर बघितलं आणि म्हणाले, "लाईक तर भरपूर दिसतायत. एवढे लोक खोटं कशाला बोलतील?"

गटाने अंतर्गत कर्जातून पैसे काढले. आठ दिवसांनी पार्सल आलं. पैसे मोजून दिले, खोकं उघडलं, तर आत प्लास्टिकचं, हाताने फिरवायचं खेळण्याएवढं यंत्र. पहिल्याच दिवशी त्याचा दांडा तुटला. जाहिरात शोधायला गेलो, तर ते पेजच गायब. पावतीवरचा फोन लागत नव्हता.

त्या दिवशी गटातल्या सगळ्यात वयस्कर आक्का मला एवढंच म्हणाल्या, "पोरी, चौदा हजार माणसं खोटी कशी असतील गं?" मला उत्तर देता आलं नाही. नंतर मी त्याचा बराच शोध घेतला, वाचलं, माहिती काढली. हा लेख म्हणजे आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

गर्दी बघून विश्वास ठेवणं ही काही आपली चूक नाही

आठवडी बाजारात आपण काय करतो? ज्या भाजीवालीकडे चार बायका उभ्या, तिच्याकडे वळतो. ज्या भेळवाल्याकडे गर्दी, त्याचीच भेळ घेतो. हे शहाणपणच आहे. चार जणींनी पारख केली असेल, तर आपले कष्ट वाचतात.

पण त्याच बाजारात जडीबुटीचं तेल विकणारा पण बसतो. तो बोलत असतो आणि घोळक्यातून एक जण पुढे येतो, "मागच्या वेळी नेलं होतं, गुडघा मोकळा झाला, आणखी दोन बाटल्या द्या." मग दुसरा येतो. तिसरा आपण असतो. पहिले दोघं त्याचीच माणसं होती हे आपल्याला संध्याकाळी कळतं.

मोबाईलवरचे विकतचे लाईक म्हणजे हीच दोन माणसं. फरक एवढाच, की बाजारात दोनच उभी करता येतात, मोबाईलवर चौदा हजार उभी करता येतात. आणि बाजारात निदान त्यांचं तोंड दिसतं.

लाईक तयार कसे होतात?

जून २०१७ मध्ये थायलंडच्या पोलिसांनी कंबोडियाच्या सीमेजवळ एका भाड्याच्या घरावर छापा घातला. आत लोखंडी मांडण्यांवर ओळीने मोबाईल लावलेले होते. जवळजवळ पाचशे फोन आणि तीन लाखांहून जास्त सिमकार्डं सापडली. तीन माणसं पकडली. त्यांचं काम काय, तर चीनमध्ये ऑनलाईन विकल्या जाणाऱ्या मालाला लाईक आणि बघणाऱ्यांची संख्या वाढवून देणं. अशा जागेला 'क्लिक फार्म' म्हणतात, म्हणजे लाईकची शेती. एकेका सिमकार्डावर एकेक खोटं खातं काढायचं आणि सगळ्यांनी मिळून एकाच मालाला अंगठा दाखवायचा. आक्का, तुमचे चौदा हजार लोक अशा एखाद्या खोलीत मावतात.

दुसरा प्रकार आपोआप चालणाऱ्या खात्यांचा. तिथे माणूसच नसतो, संगणकाचा प्रोग्रॅम खाती चालवतो. अमेरिकेत देवुमी नावाची कंपनी असे फॉलोअर आणि लाईक राजरोस विकत होती. त्यातल्या हजारो खात्यांवर खऱ्याखुऱ्या माणसांची नावं आणि फोटो त्यांना न विचारता लावलेले होते. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने कंपनीवर कारवाई केली आणि २५ लाख डॉलरचा दंड ठरला. तुमच्या-माझ्या फोटोच्या नावाने कुणी तरी तिसऱ्याच्या मालाला 'छान' म्हणत असेल, आपल्याला पत्ताही नसेल.

तिसरा प्रकार जुन्या पेजचा. आधी देवाचे फोटो, लहान लेकरांचे फोटो, "आईसाठी एक लाईक" असं टाकून हजारो लाईक गोळा करतात. हे लाईक खरे असतात, आपलेच असतात. मग एक दिवस पेजचं नाव बदलतात आणि त्यावर माल विकायला लागतात. लाईक देवाला दिलेले, कामी आले दुकानदाराला.

चांदण्यांचं पण तसंच

खरेदीच्या ॲपवर लाईकऐवजी चांदण्या असतात, आपण त्यांना स्टार म्हणतो. पार्सलमध्ये तुम्हालाही कधी चिठ्ठी मिळाली असेल: "पाच स्टार द्या, फोटो पाठवा, १०० रुपये मिळवा." कुठे व्हॉट्सॲपवर गट असतात. वस्तू मागवा, कौतुक लिहा, पैसे परत. असं लिहिणाऱ्याने वस्तू मागवलेली असते, त्यामुळे त्याच्या नावापुढे 'खरा खरेदीदार' अशी खूण पण येते. खूण खरी, मत विकतचं.

अमेरिकेत एक कंपनी वजन कमी करण्याच्या गोळ्या विकत होती. गोळ्या कशाच्या? आपल्या कोकमाच्याच कुळातल्या एका फळाच्या. कंपनीच्या मालकाने पैसे देऊन कौतुकाचे अभिप्राय लिहून घेतले, कारण विक्री टिकवायची तर पाचपैकी ४.३ स्टार तरी पाहिजेत असा त्याचा हिशोब होता. २०१९ मध्ये तो पकडला गेला. तोपर्यंत किती जणींनी त्या स्टारकडे बघून औषध पोटात घेतलं असेल! मशीन मोडली तर पैसे जातात, औषधाचं तसं नाही. म्हणून गोळ्या, पावडर, गोरं होण्याची मलमं, बाळासाठीच्या वस्तू या गोष्टी स्टार बघून कधीच घेऊ नका. डॉक्टर नाही तर आशाताईंना आधी विचारा.

एक गंमत पण सांगते. लंडनमध्ये उबा बटलर नावाचा एक तरुण लेखक पूर्वी दहा-दहा पाउंड घेऊन हॉटेलांबद्दल खोटे अभिप्राय लिहायचा. २०१७ मध्ये त्याने ठरवलं, की हॉटेलच खोटं काढून बघू. तो परसातल्या एका खोपटात राहायचा. त्यालाच त्याने हॉटेल म्हणून नोंदवलं. पदार्थांचे फोटो काढले ते दाढीचा फेस आणि साफसफाईच्या गोळ्या वापरून. मित्रांकडून कौतुकाचे अभिप्राय लिहून घेतले. लंडनच्या अठरा हजारांवर हॉटेलांच्या यादीत हे खोपटं तळाला होतं. सहा-सात महिन्यांत ते पहिल्या नंबरावर गेलं! लोक जागा मिळावी म्हणून फोन करत होते आणि तिथे चूल पण पेटलेली नव्हती.

म्हणजे शिकल्यासवरल्या, मोठ्या शहरातल्या लोकांची पण हीच गत. फसलो म्हणून कुणी खाली मान घालायचं कारण नाही.

एका खोट्या लाईकने एवढं काय होतं?

हा प्रश्न मला पण पडला होता. लोक आपलं डोकं वापरतीलच ना?

यावर अमेरिका आणि इस्राएलमधल्या अभ्यासकांनी एक मोठा प्रयोग केला, तो २०१३ मध्ये छापून आला. बातम्यांवर लोक मतं लिहितात अशा ठिकाणी एक लाखावर मतं घेतली. त्यातल्या काहींना, कोणतीही निवड न करता, अगदी सुरुवातीला एक खोटी पसंती देऊन ठेवली. फक्त एकच. झालं काय, तर पुढे येणारा पहिला माणूस त्याला पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली. शेवटी त्या मतांचे गुण इतरांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाले.

म्हणजे खोटा लाईक आपल्याकडून खरा लाईक काढून घेतो. जात्यात पहिला घास टाकला की पुढचं पीठ आपोआप पडत राहतं, तसं. चौदा हजारांतले सगळेच विकतचे असतील असं नाही. सुरुवातीचे विकतचे, मागचे आपल्यासारख्यांचे. मी स्वतः त्या मशीनच्या जाहिरातीला अंगठा दिला होता, "नंतर सापडावी" म्हणून. म्हणजे त्या गर्दीत मी पण उभी होते.

घेण्याआधी काय बघायचं?

मशीन फसल्यावर मी त्याच जाहिरातीचा एक फोटो पुन्हा नीट बघितला. एका ताईंच्या मुलाने तो मित्राला पाठवला होता, म्हणून शिल्लक होता. कौतुकाच्या सगळ्या कमेंट एकाच संध्याकाळच्या होत्या. नावं परदेशी, भाषा तुटक. शेवयांच्या मशीनबद्दल एकीनेही "पीठ किती लागतं", "वीज किती खाते" असं विचारलेलं नव्हतं. आपल्या बायका असं न विचारता मशीन घेतील का? हे आधी दिसायला हवं होतं.

तेव्हा पुढच्या गोष्टी बघा, घाई न करता:

१. आधी वाईट अभिप्राय वाचा. एक आणि दोन स्टारवाले. तिथे लोक काय मोडलं, काय आलं नाही ते सांगतात. तीन स्टारवाले बहुतेक वेळा सगळ्यात खरं बोलतात, चांगलं पण आणि वाईट पण.

२. तारखा बघा. पन्नास कौतुकं दोन दिवसांत आणि मग महिनाभर शांतता, तर समजा कुणी तरी घाऊक आणली आहेत.

३. शब्द बघा. "खूप छान, एक नंबर, पैसे वसूल" हे साडीलाही चालतं आणि पंपालाही. वापरणारी बाई बारीक गोष्ट सांगते: दोन किलो पीठ झालं, आवाज येतो, जाळी धुवायला त्रास होतो.

४. अभिप्राय त्याच वस्तूचे आहेत का बघा. कधी कधी जुन्या वस्तूची जागा तशीच ठेवून तिथे दुसरीच वस्तू विकतात. मिक्सरखाली चार्जरचं कौतुक दिसलं, तर पुढे जा.

५. घेणाऱ्यांनी घरी काढलेले फोटो बघा. दुकानदाराचे फोटो सगळे सुंदरच असतात.

६. स्टार किती जणांनी दिले ते बघा. नऊ जणांनी दिलेले ४.९ यापेक्षा दोन हजार जणांनी दिलेले ४.१ जास्त भरवशाचे.

७. फेसबुकचं पेज असेल, तर त्याच्या माहितीत 'पेज ट्रान्सपरन्सी' नावाचा भाग असतो. पेज कधी सुरू झालं, आधी नाव काय होतं, ते तिथे कळतं. काल 'जय माता दी' होतं आणि आज 'किचन बाजार' झालं, तर दूर राहा.

८. विकणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन शोधा. आपल्या देशाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाईन विकणाऱ्याने ही माहिती आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव देणं बंधनकारक आहे. फक्त व्हॉट्सॲप नंबर म्हणजे पत्ता नव्हे.

९. "फक्त १० मिनिटं बाकी", "शेवटचे दोन नग" अशी खोटी घाई दाखवणं हे २०२३ पासून ग्राहकांची फसवणूक मानलं जातं. घाई दिसली की फोन खाली ठेवा, आधी भाकरी थापा. खरी वस्तू उद्या पण मिळते.

आणि एक लक्षात ठेवा, पार्सल आल्यावर पैसे द्यायचे म्हणजे सुरक्षित, असं नाही. पैसे आधी द्यावे लागतात, खोकं नंतर उघडतं. निदान उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि जाहिरातीचा फोटो आधीच जपून ठेवा. आमच्या हातात जाहिरातीचा तो एक फोटो होता, पण त्यात विकणाऱ्याचं नावगाव नव्हतं.

"लाईक करा, घरबसल्या कमवा"

हा भाग तरुण मुली आणि सुनांना मुद्दाम वाचून दाखवा.

लाईकला किंमत आली म्हटल्यावर लाईक देण्याचं 'काम' पण आलं. मोबाईलवर संदेश येतो, की व्हिडिओला लाईक करा, फोटो पाठवा, प्रत्येकी ५० रुपये. पहिल्या दिवशी १५०-२०० रुपये खरंच खात्यावर येतात. मग म्हणतात, मोठं काम पाहिजे तर १,००० भरा, १,४०० परत मिळतील. ते पण मिळतात. मग ५,०००, मग २०,०००. आणि मग "तुमचे पैसे अडकलेत, सोडवायला आणखी भरा." ते पैसे कधीच सुटत नाहीत.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा 'अर्धवेळ काम' आणि गुंतवणुकीच्या नावाने फसवणाऱ्या शंभरावर वेबसाईट बंद केल्या. त्यांचं लक्ष्य होतं निवृत्त माणसं, बेरोजगार तरुण आणि बायका. म्हणजे आपणच. काम देणारा आपल्याकडूनच पैसे मागतो, तेव्हा ते काम नसतं, एवढं पक्कं धरा. गटाच्या हप्त्याचे पैसे तर यात चुकूनही घालू नका.

आपला माल विकताना

आता थोडं आपल्याबद्दल. मिनी सरसमध्ये आपल्या स्टॉलवर एक मुलगा आला होता. म्हणाला, "तुमच्या मसाल्याच्या पेजला एक हजार फॉलोअर करून देतो, थोडेच पैसे लागतील." दोन-तीन गटांना ते पटलं पण होतं. "सगळेच करतात, आपण का मागे राहायचं?"

मागे राहूया. कारण विकतचे हजार लोक कांदा-लसूण मसाल्याचं एक पाकीट पण घेत नाहीत. ते माणसंच नाहीत. शिवाय विकणाऱ्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून आपल्याच मालाचं कौतुक लिहायला नियमाने मनाई आहे. म्हणजे गटातल्या दहा जणींनी, "मी घेतला, फार चवदार" असं लिहिणं पण चुकीचं. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाईन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. ते ऐच्छिक आहे, पण त्याचा गाभा सरळ आहे: अभिप्राय खऱ्या माणसाचा असावा, विकत घेतलेला नसावा आणि वाईट मत लपवू नये.

आपण काय करू शकतो? खऱ्या गिऱ्हाइकाला विचारू शकतो, "ताई, मसाला कसा वाटला, चार ओळी लिहाल का?" तिखट जास्त झालं असं तिने लिहिलं, तर ते पण ठेवायचं आणि खाली लिहायचं, "पुढच्या वेळी कमी तिखट पण काढतो." असे वीस अभिप्राय वीस हजार लाईकना भारी आहेत.

फसलोच तर?

रडत बसू नका आणि लपवू नका. घरचे बोलतील म्हणून बायका गप्प बसतात, त्यावरच या लोकांचा धंदा चालतो.

ऑनलाईन पैसे गेले असतील, तर लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त. बँकेलाही कळवा.

वस्तू चुकीची किंवा खराब आली, तर आधी त्या ॲपवर तक्रार नोंदवा. नियमाप्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. ऐकलं नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर. मराठीत बोलता येतं.

तिथेही नाही जमलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. "आम्ही धंद्यासाठी घेतली, मग आम्ही ग्राहक कसे?" असं एका ताईंनी विचारलं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूसाठी कायदा आपल्याला ग्राहकच मानतो. फक्त समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. म्हणून वरचा आठवा मुद्दा पुन्हा वाचा.

त्या मशीनचं पुढे काय झालं?

आम्ही १९१५ ला तक्रार केली. पण पेज बंद, पत्ता खोटा, पैसे परत आले नाहीत. मी माझ्याकडून काही रक्कम देते म्हटलं, तर गटाने घेतली नाही. आक्का म्हणाल्या, "तू एकटीने नाही बघितलं, आम्ही दहा जणींनी बघितलं." नुकसान सगळ्यांनी वाटून घेतलं आणि ते कर्ज फेडलं.

त्यांनी एक ठराव मात्र इतिवृत्तात लिहिला: दोन हजारांच्या वरची वस्तू ऑनलाईन घ्यायची, तर ती वापरणाऱ्या निदान एका बाईशी प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलल्याशिवाय घ्यायची नाही. दुसरी मशीन त्यांनी तालुक्याच्या दुकानातून घेतली. पलीकडच्या गावातल्या गटाकडे तशीच मशीन होती. तिथे जाऊन, अर्धा दिवस पीठ मळून, शेवया पाडून, आवाज ऐकून. महाग पडली, पण चालते आहे.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं हे आपल्याला आजीने सांगितलंय. मोबाईलने त्यात फक्त आकडा घातला. एक ओळखीची बाई "चांगली आहे" म्हणाली, तर ते चौदा हजारांपेक्षा जास्त आहे.

पुढच्या मासिक बैठकीत दशसूत्रीनंतर पंधरा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपल्या फोनवरची एक जाहिरात उघडा आणि वरचे नऊ मुद्दे लावून बघा. किती टिकतात ते मला सांगा. कुणी आधी फसलं असेल, तर तिला पहिली बोलू द्या. तिच्यावर हसायचं नाही.

तुमची,
प्रभाग समन्वयक